तापली की बंद पडणारी जुनी पेट्रोल गाडी: या चुका टाळा

मे महिन्यात नागपूरच्या व्हेरायटी चौकाच्या सिग्नलला आमची कार्ब्युरेटरवाली (म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा जुना भाग असलेली) मारुती ८०० बंद पडायची. अर्धा तास सावलीत उभी केली की निमूट चालू. मिस्त्रीकडे नेईपर्यंत इंजिन गार, आणि सगळं ठीक! पेट्रोल पंप बदलला, कार्ब्युरेटर दोनदा खोलला. दोष निघाला इग्निशन कॉइलमध्ये, म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागात.

सगळ्यात मोठी चूक हीच, गार इंजिनवर दोष शोधणं. गाडी बंद पडल्या क्षणी दोनच गोष्टी बघा: पेट्रोल येतंय का, करंट (प्लगची ठिणगी) येतोय का. एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात बघत ॲक्सिलरेटरची तार ओढा. पेट्रोलची बारीक धार दिसली तर ते तिथवर पोहोचलंय. मग फिल्टर परत बसवा, पेट्रोलचा वास जाऊ द्या आणि जादा प्लग केबलला लावून, त्याची बॉडी इंजिनच्या लोखंडाला टेकवून स्टार्टर मारायला सांगा. प्लग इन्सुलेटेड पकडीनेच धरा. ठिणगी निळी, कडक हवी. तांबूस, मरतुकडी असेल किंवा नसेलच, तर कॉइल, आणि पॉइंटवाल्या (उघडझाप करणाऱ्या संपर्कांनी ठिणगी देणाऱ्या) गाडीत त्या पॉइंटना जोडलेला कॉन्डेन्सरही तपासा. कॉइलची आतली तार तापून प्रसरण पावली की तुटका जोड उघडतो आणि गार झाल्यावर पुन्हा जुळतो. म्हणून मल्टिमीटर लावायचा तो गरम कॉइललाच.

करंट आहे, पेट्रोल नाही? पेट्रोलचा हलका भाग ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतो, आणि नागपुरात नुसती हवाच ४५ ला जाते. नळीत वाफ धरली की पंप ओढत नाही. पंपावर ओलं फडकं ठेवा. गाडी लगेच चालू झाली तर कारण सापडलं. तापलेल्या इंजिनवर बादलीभर पाणी मात्र ओतू नका, हेड (इंजिनचा वरचा भाग) तडकू शकतं. टाकीचं झाकणही उघडून बघा. हवा आत ओढल्याचा 'फुस्स' आवाज आला, तर झाकणाचं छिद्र बुजलंय.

पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर चोक ओढू नका, पॅडल पंप करू नका. इंजिनात पेट्रोल जादा झालंय, तेव्हा पॅडल पूर्ण दाबून धरा आणि स्टार्टर मारा.

पेट्रोल आणि करंट दोन्ही ठीक असूनही गाडी बंद पडत असेल तर व्हॉल्व्हचा गॅप मोजून घ्या. तो कमी असला की गरम इंजिनचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गळतं. आणि रबरी नळ्या जुन्या असतील तर आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला चालणाऱ्या बसवा, सायलेन्सरच्या पाइपपासून लांब.