मठातून बाहेर काढलंय? पहिलं वर्ष कसं काढायचं

अकरा वर्षं मी आमच्या तालुक्यातल्या एका मठात सेवेत होते, गुरुवारच्या महाप्रसादाचं सामान आणि भांड्यांचा हिशोब माझ्याकडे. देणगीच्या पावत्या का देत नाही एवढंच विचारलं, तेही बाजूला घेऊन. पुढच्या गुरुवारी मी चप्पल काढत होते तेवढ्यात एक ताई आल्या, म्हणाल्या तुमच्या मनात विकल्प आलाय, म्हणजे गुरूंबद्दल शंका, महाराज म्हणतायत थोडे दिवस येऊ नका. रात्री व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं. ते थोडे दिवस अजून संपले नाहीत, चार वर्षं झाली.

तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं जे जे वाटतं ते लिहितेय.

पहिले पंधरा दिवस कुणालाही खुलासे देत बसू नका. मी एका जवळच्या सेवेकरी ताईंना मोठ्ठा मेसेज पाठवला, रडतरडत लिहिलेला, माझा चहा संपायच्या आत त्याचा स्क्रीनशॉट महाराजांपर्यंत पोचला होता. लिहायचंच असेल तर वहीत लिहा. आणि जे मेसेज तुम्हाला आलेत ते रागाने डिलीट करू नका, एका फोल्डरमध्ये टाकून ठेवा, का ते पुढे सांगते.

खरा प्रॉब्लेम गुरुवारचा असतो. अपमान एकदाच झालेला असतो पण गुरुवार दर आठवड्याला येतो. बुधवारी रात्री सवयीने मी दोन किलो चणे भिजत घातले, सकाळी टोपात चणे टम्म फुगलेले बघितले आणि मग डोक्यात प्रकाश पडला की आता हे नेणार कुठे. अर्धे बिल्डिंगमध्ये वाटले, बाकीच्यांची तीन दिवस उसळ खाल्ली, नवरा काही बोलला नाही. तर गुरुवारची संध्याकाळ आधीच बांधून टाका, आणि घरात बसून करायचं काम नको, माणसं असलेलं काम पाहिजे, कारण गेलीयेत ती माणसं. मी शेजारच्या काकूंबरोबर मंडईत जायला लागले, भाजी घ्यायची आणि येताना उसाचा रस. फार काही थोर नाही पण सात वाजता आरतीची वेळ व्हायची तेव्हा हातात पिशवी असायची.

आता भीती. गुरुद्रोहाचं पाप लागतं, वाटोळं होतं, हे इतकी वर्षं कानावर पडलेलं असतं की अक्कल सांगते काही नाही होणार आणि पोटात मात्र गोळा येतोच. तीन महिन्यांनी नवऱ्याची स्कूटर घसरली, पायाला प्लास्टर, आणि लगेच एक फोन, बघा हं, आम्ही काही म्हणत नाही. त्या रात्री मी झोपले नाही. दुसऱ्या दिवशी जुनी डायरी काढली आणि सेवेत असतानाच्या अकरा वर्षांत घरात काय काय वाईट झालं ते लिहून काढलं. सासऱ्यांची बायपास, मुलीचा बारावीचा घोळ, एक चोरी, माझं गर्भाशयाचं ऑपरेशन. आणि प्रत्येकापुढे लिहिलं की तेव्हा मठात काय सांगितलं होतं. प्रत्येक वेळी एकच, सेवेत होतात म्हणून थोडक्यात निभावलं. म्हणजे आत असताना संकट आलं तर वाचवलं त्यांनी, आणि बाहेर गेल्यावर आलं तर शिक्षा त्यांची. हे नुसतं डोक्यात ठेवून चालत नाही, स्वतःच्या हाताने कागदावर लिहा, मग रात्री दोनला उठून वाचता येतं. झोपच उडाली असेल, जेवण जात नसेल तर मन मोकळं करायला टेली मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात.

घरातल्या महाराजांच्या फोटोचं काय करायचं हा प्रश्न सगळे विचारतात. रागात विसर्जन करू नका, नंतर त्याचंच भय घेऊन बसाल. कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवा. आमच्याकडे भिंतीवर फोटोच्या आकाराचा चौकोन उमटला होता, बाकी भिंत धुराने पिवळट, तिथे मी कालनिर्णय लावलं. मंत्र मात्र माळ्यावर टाकता येत नाही, पोळ्या लाटताना आपोआप सुरू होतो, होऊ दे. नामस्मरण करावंसं वाटलं तर करा, नकोसं वाटलं तर सोडा, कुणाला हिशोब द्यायचा नाहीये.

लोक धीर द्यायला येतात ते एक वेगळंच. एका काकांनी मला चोखोबांचं उदाहरण दिलं, त्यांना देवळात घेतलं नाही पण आज समाधी नामदेव पायरीसमोर आहे. मी म्हटलं काका, ते देऊळ सगळ्यांना उघडायला 1947 साल उजाडलं, तेही साने गुरुजी उपोषणाला बसले म्हणून, मला एवढा वेळ नाही. दुसरे लोक दुसऱ्या महाराजांची पत्रिका घेऊन येतात. वर्षभर कुठल्याच नव्या दारात जाऊ नका, आपण तेव्हा इतके भुकेले असतो की जो जवळ बसवेल त्याचे होतो.

माफी मागावी का? मी नाही मागितली. पण घरात सून तिकडची असेल, धंदा त्याच लोकांत असेल तर कुणी माफी लिहून मोकळं होतं, त्याला भित्रा म्हणू नका. 1890 साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून पुण्यात केवढं ग्रामण्य झालं, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, रानडे आणि टिळकांनीसुद्धा शेवटी प्रायश्चित्त घेतलंच ना.

नुसतं ग्रुपमधून काढणं वेगळं आणि वाळीत टाकणं वेगळं. लग्नाला, मयताला जायचं नाही, दुकानात माल द्यायचा नाही असं समाजाने ठरवलं असेल तर महाराष्ट्रात त्यासाठी 2016 चा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा आहे, 3 जुलै 2017 पासून लागू, 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तक्रार पोलिसांत किंवा थेट मॅजिस्ट्रेटकडे, घरातलं कुणीही करू शकतं. ते मेसेजचं फोल्डर इथे लागतं. पैशाचा मामला असेल आणि ट्रस्ट नोंदलेला असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जा. मी गेले नाही, ताकद नव्हती.

बाजारात ती माणसं भेटतातच, तेव्हा बोलायचं वाक्य आधीच पाठ करून ठेवा. माझं आहे, बरी आहे ताई, तुमचे गुडघे काय म्हणतायत. त्या गुडघ्यांवर बोलतात आणि पाच मिनिटं निघून जातात.

आणि तुमच्याकडचं त्यांचं सामान लवकर परत करा, सही घेऊन. मी भांड्यांचं रजिस्टर आणि कपाटाची किल्ली दिली. माझा मोठा झारा मात्र तिकडेच राहिला, दोनदा निरोप पाठवला, मग दिवाळीला नवीन घेतला.