ट्रक कॅम्परने होह रेनफॉरेस्ट आणि पुढचा रखरखाट: आधी ओलं, मग कोरडं

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात, ट्रक कॅम्पर म्हणजे पिकअप ट्रकच्या मागच्या हौद्यात बसवायची छोटी खोली. गादी, शेगडी, फ्रिज, पाण्याची टाकी सगळं त्यात, आणि मागे ट्रेलर ओढायची भानगड नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिम्पिक पेनिन्सुलासाठी ही गाडी मला सगळ्यात सोयीची वाटते, कारण तिथे एकाच फेरीत होहचं रेनफॉरेस्ट (भरपूर पावसाचं, शेवाळाने भरलेलं जंगल), समुद्र आणि बर्फाचे डोंगर मिळतात, आणि दोन दिवस जास्त असतील तर कॅस्केड्स पर्वतरांग ओलांडून पार कोरड्या वाळवंटी भागात जाता येतं. सिएटलच्या आसपास राहत असाल किंवा भारतातून आई-बाबा आलेत आणि त्यांना तंबूत झोपवायचं नाहीये तर हे वाचा.

पहिली गोष्ट वजन. सगळे कॅम्परचे फोटो बघतात आणि ट्रकच्या दारावरचा स्टिकर कोणी बघत नाही. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर पिवळा स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं. समजा तिथे १७०० आहे. छत वर उचलायचा हलका पॉप-अप कॅम्पर रिकामाच १२०० पौंड, २० गॅलन पाणी भरलं की अजून १६७, आणि चार माणसं धरा ६००, म्हणजे कपडे, किराणा, बॅटरी, प्रोपेन गॅस चढायच्या आधीच तुम्ही १९६७ वर गेलात! भिंती पक्क्या असलेला मोठा कॅम्पर हवा असेल तर सरळ 'एक-टन' म्हणतात तो जास्त वजन पेलणारा ट्रक बघा, फोर्ड एफ-३५० वगैरे. मागच्या स्प्रिंगांना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या (एअरबॅग) लावल्या की ट्रक खाली बसत नाही हे खरं, पण त्याने स्टिकरवरचा आकडा वाढत नाही, विकणारा काहीही म्हणो. भाड्याने घेत असाल तरी विचारायला लाजू नका, आणि निघताना ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर भरलेली गाडी एकदा चढवा, थोडक्या डॉलरात काम होतं. कॅम्परच्या अंगावर गुरुत्वमध्याची खूण असते, ती मागच्या ॲक्सलच्या थोडी पुढे यायला हवी, मागे गेली तर स्टिअरिंग हलकं लागतं आणि वळणावर ट्रक डुलतो. टाय-डाउन, म्हणजे कॅम्पर ट्रकला घट्ट बांधून ठेवणारे ताण, पहिल्या ३०-४० मैलांनंतर थांबून परत तपासा, ते हमखास थोडे सैल होतात.

आता रूट. बरेच जण सिएटलहून फेरीबोटीने निघतात, आधी पोर्ट अँजेलिस, मग होह, मग खाली. मी उलटं सांगेन. ऑलिंपियावरून ॲबरडीनला जा आणि तिथून १०१ हायवेने वर, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने: क्विनॉल्ट, कलेलॉक, होह, फोर्क्स, लेक क्रेसेंट, पोर्ट अँजेलिस, स्क्विम. कारण साधं आहे, ओला भाग आधी येतो आणि कोरडा नंतर. होहला वर्षाला साधारण ३५५ सेंमी पाऊस आणि सरळ रेषेत साठ-सत्तर किमीवर असलेल्या स्क्विमला जेमतेम ४० सेंमी, कारण मध्ये ऑलिम्पिक पर्वत ढग अडवतो. आपल्याकडे महाबळेश्वर आणि वाई, तसलाच प्रकार. फक्त इथलं पावसाचं वेळापत्रक आपल्या उलट, ऑक्टोबर ते एप्रिल धो धो, आणि जुलै-ऑगस्ट त्या मानाने कोरडा. शेवाळ गच्च हिरवं बघायचं तर मे-जून किंवा सप्टेंबर, माझी पसंती सप्टेंबर, गर्दी ओसरलेली असते.

होहचा रस्ता १०१ पासून आत १८ मैल, पुढे निघायला दुसरी वाट नाही. उन्हाळ्यात पार्किंग भरलं की एक गाडी बाहेर तेव्हा एक आत, दोन-दोन तास लाईन लागते, म्हणून सकाळी आठच्या आत गेटवर पोचा किंवा दुपारी चारनंतर. आतल्या कॅम्पग्राउंडला लाईट-पाण्याचं कनेक्शन नाही आणि मोठ्या आरव्ही (घरासारख्या मोठ्या गाड्या) मावत नाहीत, ट्रक कॅम्परचा फायदा इथे कळतो. बुकिंग नाही मिळालं तर त्याच रस्त्यावर मिनी पीटरसनसारखी राज्याची छोटी कॅम्पग्राउंड आहेत, डिस्कव्हर पास (राज्याच्या जागांसाठीचा गाडीचा पास) लागतो, जो आधी येईल त्याची जागा. निघायच्या आधी रस्ता चालू आहे ना ते ऑलिम्पिक नॅशनल पार्कच्या साईटवर बघाच, डिसेंबर २०२४ मध्ये नदीने रस्ता खाल्ला होता आणि तो थेट मे २०२५ मध्ये उघडला. आत मोबाईल लागत नाही, मॅप आधीच डाउनलोड करून ठेवा. हॉल ऑफ मॉसेस एक मैलाच्या आतलीच चक्कर आहे, आई-बाबांना आरामात जमेल. एल्क (मोठं हरण) दिसलं तर ५० यार्ड लांब राहा, सप्टेंबरमध्ये नर फार तापट असतात.

आता मुख्य मुद्दा, ओल. सगळे बाहेरच्या पावसाची काळजी करतात पण कॅम्पर भिजतो तो आतून. दोन माणसं झोपेत रात्रभरात श्वासातून-घामातून अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतात. १ किलो प्रोपेन जळलं की त्यातून साधारण १.६ किलो पाणी तयार होतं, ते शेगडीवरून थेट तुमच्या खोलीत. वर कुकरची वाफ, ओले रेनकोट. सकाळी खिडक्यांवरून पाणी ओघळतं आणि गादीखालची प्लायवूड ओली, तिसऱ्या दिवशी कुबट वास. उपाय असा की छतावरचा पंखा मंद चालू आणि विरुद्ध बाजूची खिडकी बोटभर उघडी, पाऊस असला तरी, थंडी वाजली तरी. गादीखाली जाळीची शीट किंवा लाकडी पट्ट्या घाला, हवा खेळली पाहिजे. हिटर कॅम्परचा स्वतःचा फर्नेसच वापरा, त्याचा धूर आणि वाफ बाहेर जाते. हातात धरून नेता येणारे छोटे प्रोपेन हिटर आत पाणीही सोडतात आणि कार्बन मोनॉक्साईडही, झोपताना तर अजिबात नको, आणि कार्बन मोनॉक्साईडच्या (सीओ) अलार्मची बॅटरी निघायच्या आधी तपासा. ओले बूट-जॅकेट आत आणू नका, ट्रकच्या केबिनमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी गाडी चालवताना हिटर लावून वाळवा.

फोडणी आत करू नका असं मी म्हटलं तर कोणी ऐकणार नाही, पण खरंच बाहेर ऑनिंगखाली (कॅम्परला लावलेल्या कापडी छपराखाली) छोट्या शेगडीवर करा, नाहीतर धुराचा अलार्म बोंबलतो आणि पांघरुणाला चार दिवस हिंगाचा वास. पटकन होणारं न्या, पिठलं-भात, मेतकूट, दशम्या. राजमा तासभर उकळत बसणं म्हणजे गॅस आणि ओल दोन्हीची उधळपट्टी. जेवण झालं की सगळं आत, अस्वलं आहेत. कापडी भिंतीचा पॉप-अप असेल तर खाणं रात्री ट्रकच्या केबिनमध्ये बंद करा.

सोलर पॅनलवर इथे विसंबू नका. दोनशे फुटी स्प्रूसच्या सावलीत पॅनल जवळपास झोपलेलंच असतं, त्यापेक्षा गाडी चालू असताना बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर कामाचा.

कलेलॉक, रुबी बीच, रियाल्टो इथे भरती-ओहोटीचं टेबल बघून चाला. किनाऱ्यावर पडलेले प्रचंड ओंडके लाटेबरोबर उचलले जातात, त्यावर मुलांना खेळू देऊ नका.

हरिकेन रिज पोर्ट अँजेलिसपासून १७ मैल चढ, ५२४२ फूट. उतरताना टो-हॉल मोड (ट्रकची जड ओझ्यासाठीची सेटिंग) आणि खालचा गिअर, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. वरचं डे लॉज २०२३ मध्ये जळालं, त्यामुळे खायची सोय आपली आपण.

मग किंग्स्टनहून फेरीबोटीने परत सिएटलच्या बाजूला. भाडं लांबीवर आहे आणि मागे बाहेर आलेला कॅम्परचा भाग पण मोजतात, टेपने आधीच मोजून ठेवा. प्रोपेनचा व्हॉल्व चढायच्या आधी बंद. उंचीचा आकडा डॅशबोर्डवर चिकटवा, ड्राईव्ह-थ्रूच्या छतांनी भल्याभल्यांचे व्हेंट उडवलेत.

सिएटलकडून आय-९० हायवेने पूर्वेला, स्नोक्वाल्मी पास ओलांडला की तासाभरात झाडं संपतात आणि एलेन्सबर्गनंतर नुसतं सेजचं, म्हणजे कोरड्या माळावरचं राखाडी झुडूप. व्हँटेजच्या पुलावर आडवा वारा जबरदस्त, उंच कॅम्परला ढकलतो, स्पीड कमी करा आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर. मुक्काम ड्राय फॉल्सजवळ करा, हिमयुगातल्या महापुरांनी कोरलेला साडेतीन मैल रुंद, ४०० फूट उंच कडा, आता पाण्याचा थेंब पडत नाही त्यावरून. गवतात चालताना खाली बघा, रॅटलस्नेक असतात. उन्हाळ्यात शेकोटीवर बहुतेक बंदी असते.

आणि इथेच कॅम्पर वाळवून घ्या. पोचल्या पोचल्या गादी उभी करा, सगळे कप्पे, खिडक्या, व्हेंट सताड उघडा, पांघरुणं दोरीवर टाका, दुपारच्या दोन-तीन तासांत सगळं खडखडीत होतं. घरी पोचल्यावर टाक्या रिकाम्या करा, आणि फ्रिजच्या दारात काहीतरी अडकवून ते किंचित उघडं ठेवा, बंद ठेवलात तर आत बुरशी धरते.