सुट्टीत पत्रकारितेची इंटर्नशिप करताय? मग दोन महिने असे वापरा

बीएएमएमसी (मास मीडियाची पदवी) नाहीतर पत्रकारितेचा डिप्लोमा करणारी ठाणे, ऐरोली, नेरुळकडची मुलं दरवर्षी परीक्षा संपत आली की विचारतात, इंटर्नशिप कुठे करू, आणि बहुतेकांच्या मनात एखाद्या मोठ्या चॅनेलचं नाव आधीच ठरलेलं असतं. माझं मत विचाराल तर पहिली इंटर्नशिप ठाण्यातल्या किंवा वाशी-बेलापूरच्या एखाद्या पेपरच्या छोट्या ऑफिसात करा, लोकल पोर्टल असलं तरी चालेल. मोठ्या न्यूजरूममध्ये नवीन पोराला बाईट (कोणी कॅमेऱ्यासमोर बोललेलं) टाईप करायला बसवतात आणि तेच करत सुट्टी संपते. छोट्या ऑफिसात माणसं कमी असतात, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच कोणीतरी म्हणतं चल माझ्याबरोबर महापालिकेत, आणि खरं शिक्षण तिथून सुरू होतं.

अर्ज मार्चमध्येच करा. मेलमध्ये मला पत्रकारितेची आवड आहे वगैरे लिहू नका, सगळेच तेच लिहितात. त्यापेक्षा तुमच्या एरियातल्या एका प्रश्नावर दोन-तीनशे शब्दांची बातमी स्वतः फिरून, दोन-चार लोकांशी बोलून लिहा आणि ती जोडा. ब्युरो चीफ (त्या ऑफिसचा प्रमुख) बायोडेटा वाचेल न वाचेल, बातमी नक्की वाचतो.

पहिल्या आठवड्यात बायलाईनच्या (बातमीवर स्वतःचं नाव छापून येण्याच्या) मागे लागू नका, आपल्या भागात कोणाची हद्द कुठे संपते ते पाठ करा. हे फार महत्त्वाचं आहे कारण आपल्याकडे हा गुंता जबरदस्त आहे. खारघरचंच बघा, लोक नवी मुंबईच म्हणतात, पण महापालिका पनवेलची (२०१६ साली झाली), जिल्हा रायगड, पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचं आणि बऱ्याच गोष्टींसाठी अजून सिडकोचं (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाचं) दार ठोठवावं लागतं. आता तिथल्या रस्त्यातल्या खड्ड्याबद्दल तुम्ही नवी मुंबई महापालिकेच्या अधिकाऱ्याला फोन केलात तर तो दोन मिनिटांत कटवणार आणि पुढच्या वेळी तुमचा फोन उचलणारही नाही. ठाण्यात प्रभाग समित्या आहेत, नवी मुंबईत विभाग कार्यालयं आहेत, तिथे जाऊन सहायक आयुक्तांना एकदा तोंड दाखवून या. शिपाई आणि क्लार्क लोकांशीही नीट ओळख ठेवा, साहेब जागेवर आहेत की साईटवर हे त्यांनाच माहिती असतं.

मे महिन्याचा एक मोठा फायदा म्हणजे पावसाळ्याआधीच्या सगळ्या बातम्या याच काळात असतात. नालेसफाईची प्रेसनोट येते, एवढे एवढे टक्के काम पूर्ण म्हणून, आणि बरेच जण ती तशीच्या तशी टाकतात. तुम्ही ती प्रेसनोट घ्या आणि त्यातल्या एका नाल्यावर प्रत्यक्ष जा. गाळ काढलाय का हे तर बघाच, पण काढलेला गाळ उचलून नेलाय की काठावरच ढीग करून ठेवलाय ते बघा, कारण काठावरचा गाळ पहिल्या जोरदार पावसात परत नाल्यातच जातो. पुलाखाली वाकून बघा, मशीन तिथपर्यंत पोचत नाही आणि प्लास्टिक नेमकं तिथेच अडकतं. फोटो काढताना मागे एखादी पाटी, दुकान किंवा खांब येऊ द्या म्हणजे जागेवरून नंतर वाद नको. शेजारच्या चाळीतल्या बायकांना विचारा मशीन कधी आलं होतं, त्यांना तारीख नसेल आठवत पण कोणाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी ते बरोब्बर आठवतं. मग हे सगळं घेऊन अधिकाऱ्याला फोन करा, त्याचं म्हणणं घ्या आणि ते बातमीत छापा. आपण समोरच्याची बाजू न ऐकता बातमी दिली तर ती अर्धीच असते. ही एक बातमी नीट केलीत तर वर्गात वर्षभर जे शिकवतात ते एका दुपारी कळतं, खरंच सांगतो.

धोकादायक इमारतींची यादी पण याच दिवसांत येते. त्यात सी-१ म्हणजे अतिधोकादायक, राहण्यायोग्य नाही, तातडीने रिकामी करून पाडायची. यादीतल्या एका बिल्डिंगमध्ये जा आणि लोक का हलत नाहीत ते ऐकून घ्या, भाडं परवडत नाही, घर परत मिळेल याची खात्री नाही. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याला अनधिकृत इमारत कोसळून ७४ माणसं गेली, ठाण्यात हा विषय कोणी हलक्यात घेऊ नये.

माहिती अधिकाराचा अर्ज जॉईन झाल्या झाल्या टाका. फी १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस, म्हणजे पहिल्या आठवड्यात टाकलात तर तुम्ही असेपर्यंत उत्तर यायला हवं. एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांच्या आत, आणि "का केलं नाही" असं विचारू नका, कागद मागा, म्हणजे वर्क ऑर्डरची प्रत, बिलाची प्रत.

संध्याकाळी कॉपी (लिहिलेली बातमी) दिली की घरी पळू नका, डेस्कवर उपसंपादकाच्या बाजूला खुर्ची ओढून बसा. तुम्ही लिहिलेलं असतं "तलावांचे शहर अशी ओळख असलेल्या ठाण्यात दरवर्षी नागरिकांना अनेक समस्यांना सामोरे जावे लागते", आणि तो ते उडवून लिहितो "नाल्यातून काढलेला गाळ आठवडाभर काठावरच पडून आहे". वाईट वाटतं, पण दोन्ही कॉप्या जपून ठेवा, रविवारी शेजारी ठेवून वाचा, काय गेलं आणि का गेलं ते स्वतः शोधा. नाही कळलं तर विचारा, गर्दीच्या वेळी मात्र नको, पान छपाईला सुटल्यावर.

आणि क्राईमच्या बातमीत हात सांभाळून. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख छापणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ वाचून ठेवा, लहान मुलांच्या बाबतीत पॉक्सो कायदा आहेच. नुसतं नाव गाळून भागत नाही, बिल्डिंग, शाळा, वडिलांचा धंदा यावरूनही माणूस ओळखू येतो. पोलीस स्टेशनमधून व्हॉट्सअॅपवर आलेली कॉपी असली तरी हे बघणं तुमचं काम.

पैशाचं आधीच विचारा, लाजू नका. मानधन नसेल तर निदान प्रवासखर्च तरी मागा, कारण दिवा ते बेलापूर फिरायचं म्हणजे रिक्षाच खिसा खाते. सर्टिफिकेटवर तारखा आणि कुठल्या बीटवर (नेमून दिलेल्या विषयावर) काम केलं ते लिहून घ्या, नुसतं "समाधानकारक" नको. आणि छापून आलेल्या प्रत्येक बातमीचं कात्रण, तारीख आणि पान नंबरसकट, त्याच दिवशी स्कॅन करून ठेवा, ई-पेपरची लिंक पुढच्या वर्षी उघडेलच असं नाही.