अ‍ॅडमिनमधल्या जुन्या नोंदी बुकमार्कलेटने कशा काढाव्यात

मृग बहाराची संत्री एप्रिलपर्यंत आटोपतात, पण नागपूरच्या कळमना बाजारातल्या व्यापाऱ्याच्या वेबसाइटच्या अ‍ॅडमिनमध्ये, म्हणजे साइट चालवणाऱ्याच्या पानांवर, त्या लॉटच्या शे-दोनशे नोंदी तशाच पडून राहतात. एकेक काढायची म्हणजे 'डिलीट', मग 'नक्की का?', मग 'ओके'. हे बुकमार्कलेटवर सोपवता येते. बुकमार्कलेट म्हणजे पत्त्याच्या जागी जावास्क्रिप्ट भरलेला बुकमार्क.

त्याआधी बल्क ॲक्शन, म्हणजे अनेक नोंदींवर एकदम क्रिया करण्याची सोय, आहे का ते बघा. वर्डप्रेसमध्ये 'स्क्रीन ऑप्शन्स'मधून एका पानावरच्या नोंदी १०० करा, सगळ्यांवर टिक मारा, कचऱ्यात टाका. तेवढ्यात भागत असेल तर कोडच्या वाटेला जाऊ नका.

नसेल, तर डेटाबेसचा बॅकअप घ्या. मग डिलीटच्या बटणावर राइट-क्लिक करून 'इन्स्पेक्ट' उघडा आणि बटणाचा व ओळीचा क्लास (पानाच्या कोडमधले त्यांच्या प्रकाराचे नाव) टिपून घ्या. कोडने क्रमाने एवढे करावे: सगळ्या ओळी गोळा करणे, ज्यांच्या मजकुरात 'मृग' आहे त्याच ठेवणे, त्यातल्या पहिल्या १० घेणे आणि दर दोन सेकंदांनी एकीचे बटण दाबणे. घाई केली तर सर्व्हर विनंत्या नाकारू लागतो.

पहिल्या वेळी बटण दाबूच नका. निवडलेल्या ओळींना फक्त लाल चौकट काढायला सांगा. आंबिया या दुसऱ्या बहाराची एखादी ओळ लाल झाली, तर गाळणी चुकली आहे. ही पायरी गाळणाऱ्याला बॅकअप लागतोच.

'नक्की का?' ही ब्राउझरची स्वतःची खिडकी असेल तर कोड तिथेच अडतो. त्यासाठी 'कन्फर्म' हे फंक्शन नेहमी 'हो' म्हणेल असे सुरुवातीलाच बदला. पान रिफ्रेश झाले की ते पूर्ववत होते. खिडकी साइटने बनवलेली असेल तर अर्धा सेकंद थांबून तिचे 'ओके' शोधून दाबावे लागते.

एकाआड एक ओळ सुटत असेल तर यादी क्लासच्या नावाने थेट घेतलेली असते. ती 'लाइव्ह' असते, ओळ गेली की पुढची वर सरकते. 'क्वेरी सिलेक्टर ऑल'ने घेतली की हा घोळ होत नाही. दर डिलीटनंतर पानच रिलोड होत असेल तर मात्र कोडही मरतो. मग एका क्लिकला एकच नोंद, यावर समाधान माना.

कोड तयार झाला की कंट्रोल-शिफ्ट-ओ दाबून नवा बुकमार्क जोडा. पत्त्याच्या खान्यात रोमन लिपीत 'जावास्क्रिप्ट', कोलन आणि पुढे सगळा कोड एका फंक्शनमध्ये गुंडाळून टाका. तो गुंडाळला नाही आणि शेवटच्या ओळीचे उत्तर मजकूर असेल, तर पानाच्या जागी तोच दिसतो. कोडमधल्या दोन तिरक्या रेघांच्या टिपा आधी काढा, कारण सगळे एका ओळीत येते आणि टिपेपुढचा कोड गायब होतो.

क्लिक करूनही काहीच होत नसेल तर एफ१२ दाबून कन्सोल, म्हणजे ब्राउझरचे चुका दाखवणारे आणि कोड चालवणारे पॅनेल, बघा. साइटच्या सुरक्षा धोरणाने अडवल्याचा लाल संदेश असेल तर तोच कोड कन्सोलमध्ये चालवून पाहा. काम संपेपर्यंत टॅब समोरच ठेवा. मागे गेलेल्या टॅबचे टायमर क्रोम मंदावतो, काही वेळाने तर मिनिटाला एकदाच चालवतो.