वाकड्या वावराची त्रिकोणमिती

दहावीत उंची-अंतराची गणितं माझ्या हातचा मळ होती. अकरावीच्या सुट्टीत चाळीसगावकडच्या आमच्या तिकोनी वावराचं क्षेत्रफळ काढायला बसलो आणि पहिल्याच ओळीत ‘समोरची बाजू भागिले कर्ण’ लिहिलं. वडील वहीत डोकावून म्हणाले, “कोपरा काटकोनमा नही शे.” कर्णच नाही, तर त्याने भागायचं कसं? कॉलेजात साइन रूल, कोसाइन रूल फळ्यावर आले होते, मी ते नुसते पाठ केले होते.

नव्याने शिकणाऱ्यांनो, सूत्राआधी लंब टाका. सरावाला 130, 140, 150 मीटर बाजू घ्या. समोरच्या कोपऱ्यातून 140 च्या बाजूवर लंब टाकला की तिचे 50 आणि 90 असे दोन तुकडे पडतात, लंब भरतो 120. म्हणजे काटकोनी त्रिकोण दोन, आणि क्षेत्रफळ 8400 चौरस मीटर. सातबाऱ्याच्या भाषेत 84 आर. हाच 13, 14, 15 चा त्रिकोण भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त आहे, पायाच्या त्या तुकड्यांना तिथे ‘आबाधा’ म्हटलंय. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव यांनी मठ उभारला, त्याचा शके 1128 चा शिलालेख आमच्याच तालुक्यात, पाटण्याला सापडला. हे कळलं त्या दिवसापासून हा त्रिकोण मला घरचा वाटतो.

आता 50 हा तुकडा म्हणजे 130 गुणिले 130 आणि 140 यांच्यामधल्या कोनाचा कोसाइन. एवढं कागदावर मांडलं की कोसाइन नियम आपोआप हाती येतो: एका बाजूचा वर्ग म्हणजे इतर दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज, वजा त्या दोघींच्या गुणाकाराची दुप्पट गुणिले त्यांच्यामधल्या कोनाचा कोसाइन. तिन्ही बाजू, किंवा दोन बाजू आणि त्यांच्यामधला कोन माहीत असेल तर तोच वापरा. विशालकोनाचा कोसाइन ऋण असतो. ते चिन्ह सांभाळा, माझे सर्वाधिक मार्क तिथेच गेले.

साइन नियम (बाजू भागिले समोरच्या कोनाचा साइन, हे तिन्ही बाजूंना सारखंच येतं) नदीकाठी उपयोगी. गिरणेच्या एका काठावर 100 मीटर मोजा, दोन्ही टोकांवरून पलीकडच्या झाडाकडे पाहून कोन घ्या. ते 65 आणि 70 अंश आले, तर झाडापाशी 45 उरले. 65 अंशाच्या टोकापासून झाड सुमारे 133 मीटरवर. नदीत पाय घालावा लागत नाही.

खरी फसगत कोन दोन बाजूंच्या मधला नसतो तेव्हा होते. कोन 30 अंश, शेजारची बाजू 10, समोरची 6. कॅल्क्युलेटर दुसरा कोन 56.4 दाखवतो आणि थांबतो, पण 123.6 सुद्धा चालतो. आकृती काढा: लंब 5 येतो, म्हणून 6 ची बाजू लंबाच्या अलीकडेही टेकते आणि पलीकडेही. त्रिकोण दोन, उत्तरं दोन, दोन्ही लिहायची.