बडोद्यात मुलींचा शिवण-विणकाम वर्ग: जुन्या शाळांच्या क्रमाने कसं शिकवायचं

वस्तीतल्या मुलींसाठी शिवणाचा वर्ग सुरू करायचाय, मशीन किती घेऊ, असं बऱ्याच जणी विचारतात. माझं म्हणणं, मशीन राहू द्या, आधी हातशिलाई आणि तीही पूर्वी गरीब मुलींच्या शाळांत ज्या क्रमाने शिकवायचे त्या क्रमाने. इंग्लंडात १८६२ च्या नियमांनी सरकारी अनुदान हवं असेल तर मुलींना साधं शिवण शिकवणं भागच होतं, एका बाईंपुढे वर्गभर मुली आणि कापडाला पैसे नाहीत, त्यामुळे त्यांनी प्रत्येक पायरी फार विचार करून बसवली होती. आणि बडोद्याला हे काही परकं नाही, सयाजीरावांनी १९०६ मध्ये अख्ख्या संस्थानात मुलींसकट प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, १९१४ मध्ये महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय निघालं.

पहिल्या दिवशी कापड द्यायचंच नाही. नुसती सुईची ड्रिल. एक म्हटलं की सुई डाव्या हातात, दोनला दोऱ्याचं टोक उजव्या हातात, तीनला ओवायचं, चारला अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलायची धातूची टोपी, मधल्या बोटात. सगळ्या मुली एकदम. दोरा बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत, त्याहून लांब घेतला की गुंता होतो आणि कापडातून ये-जा करून पिंजतो. दाताने तोडू द्यायचा नाही, कात्रीने तिरका कापला की सुईच्या नेढ्यातून पटकन जातो. डावखुऱ्या मुलींना तेव्हा जबरदस्तीने उजव्या हाताने करायला लावत, तसं अजिबात करू नका, तिच्या शेजारी न बसता समोर बसा म्हणजे आरशात बघितल्यासारखं तिला आपोआप कळतं.

मग कागद. वहीचा जुना कागद दुमडायचा, नखाने घडी पक्की करायची, परत दुमडायचा. कागदावर दुमड सरळ आली की मांजरपाटाचा तुकडा आणि लाल दोरा. पांढऱ्यावर पांढरा नको, लालने प्रत्येक टाका तिचा तिलाच दिसतो. क्रम असा: धावदोरा, हेमिंग (दुमडलेली कड शिवणं), उलटी टीप, मग चुण्या, सगळ्यात शेवटी काजं. सात-आठ वर्षांच्या मुलींना टाके मोठे आणि दोरा जाड द्या. जुन्या वर्गांत इवल्या पोरींकडून केसासारखे बारीक टाके घालून घेत, डोळ्यांची पार वाट लागायची, शेवटी १९११ च्या सुमारास ग्लासगोच्या आर्ट स्कूलमधल्या अ‍ॅन मॅकबेथ आणि मार्गारेट स्वॉन्सन यांनी ठामपणे मांडलं की लहानांना मोठा टाका, रंगीत दोरा, बारीक काम वय वाढल्यावर. ट्यूबलाइटखाली संध्याकाळचा वर्ग असेल तर हे पाळाच.

आता ठिगळ. हे मी रुमाल-पिशवीच्या आधी घेते, कारण मुलीच्या घरी फाटलेला फ्रॉक असतोच आणि तो तिने दुरुस्त करून घातला की आईसुद्धा दुसऱ्या दिवशी न सांगता पाठवते. ठिगळाचं कापड धुतलेलं, जुनं घ्या, कोरं घेतलं तर पहिल्या धुण्यात आटतं आणि आजूबाजूचं कापड ओढतं. उभा-आडवा धागा फ्रॉकच्या धाग्याशी जुळवायचा, भोकापेक्षा चारी बाजूंनी दोन बोटं मोठं कापायचं, कडा दुमडून उलट्या बाजूने टाचायचं आणि हेम करायचं. मग फ्रॉक सुलटा करा. विरलेला भाग चौकोनात कापून टाका, चारी कोपऱ्यांत तिरकी छोटी चीर द्या, कडा आत वळवा, इथेही हेम. कोपऱ्यात चीर दिली नाही तर तिथे हमखास फुगा येतो. रफू करताना खाली वाटी उपडी धरायची, आधी सगळे उभे धागे आणि प्रत्येक वळणावर दोऱ्याचा बारीक फास सैल सोडायचा, कारण धुतल्यावर दोरा आटतो, मग आडवा धागा एक वर एक खाली.

ब्रिस्टलच्या मुलरच्या अनाथाश्रमातल्या मुली लाल दोऱ्याने अक्षरं आणि आकडे भरायच्या, पुढे घरकामाला लागल्यावर मालकांच्या चादरींवर खुणा घालायला ते लागायचं. आपण मॅटीवर, म्हणजे चौकटी मोजता येतील अशा विणीच्या कापडावर, स्वतःचं नाव भरायला लावू. देवनागरी क्रॉस टाक्यात छान बसते, शिरोरेखा आधी, मग ग, म, प, न अशी काना असलेली अक्षरं, इ आणि ह शेवटी कारण गोलाई चौकटीत बसवायला कठीण.

विणकाम नोव्हेंबर-डिसेंबरात घ्या, मे महिन्यात घामट हातांना लोकर चिकटते आणि मुली वैतागतात. ८ नंबरच्या सुया, नंबर वाढला की सुई बारीक होते हे सांगून ठेवा. वीस टाके, सगळ्या ओळी सुलट, प्रत्येक ओळीनंतर टाके मोजायचे, एकवीस झाले म्हणजे कुठेतरी दोरा सुईवरून गेलाय. तेव्हा शिवणापायी मुलींचा गणिताचा वेळ जायचा, मला ते फार खटकतं, म्हणून मी हिशोब इथेच करून घेते. वीस टाके ४ इंच भरले तर इंचाला ५, डोकं २० इंच तर १००, टोपीला ताण हवा म्हणून १० कमी, ९० टाके घाल. चारेक ओळी एक सुलट एक उलट, मग टाळूपासून कानाखालपर्यंतचं माप भरेतो साधं विणायचं, शेवटी सगळ्या टाक्यांतून दोरा ओवून ओढायचा आणि बाजू शिवायची. ही टोपी मुलगीच नेईल. पूर्वी बऱ्याच संस्था मुलींची कामं विकून खर्च भागवायच्या, तुमच्याकडे ऑर्डर आली तर लोकरीचे पैसे वजा करून बाकी तिच्या हातात द्या.

चार सुयांचा पायमोजा दुसऱ्या वर्षी. त्यातली टाच तेवढी दोन सुयांवर सपाट विणायची असते, ती एकदा फुरसतीने समोर बसून दाखवा, पुढचं पाऊल परत गोल.