पाउचचं सील एक्सपायरीपर्यंत टिकेल का, हे कसं तपासायचं

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, कॅथेटर, आयव्ही सेट बनवणारे ओळखीतले नेहमी विचारतात, की एका बाजूला कागद आणि दुसऱ्या बाजूला प्लास्टिक फिल्म असलेल्या पाउचवर २ वर्षांची एक्सपायरी छापायची तर काय २ वर्षं थांबायचं? थांबायची गरज नाही, पण अंदाजपंचे तारीख तर अजिबात छापू नका, कारण सील सुटलं की आतला माल कितीही चांगला बनवलेला असू दे, पेशंटच्या कामाचा राहिला नाही.

आधी सीलिंग मशीन बघा. तापमान, दाब आणि वेळ, तिन्हीची खालची आणि वरची मर्यादा ठरवून दोन्ही टोकांवर पाउच बनवा. डिस्प्लेवर विश्वासून राहू नका, जबड्याच्या दोन्ही कडांना थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, लावून बघा. मग ईओ स्टरिलायझेशन, म्हणजे इथिलीन ऑक्साइड वायूनं निर्जंतुकीकरण, करून घ्या, आणि री-स्टरिलाइज करायची मुभा ठेवणार असाल तर दोनदा.

आता ओव्हन, म्हणजे पाउच गरम ठेवून ते लवकर जुने करायचे. ढोबळ हिशोब असा की दर १० अंशाला जुनं होण्याचा वेग दुप्पट. २५ अंश साठवण धरून ५५ ला ठेवलं तर ८ पट, म्हणजे २ वर्षांचे ९२ दिवस. पण वडोदऱ्यात मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात उभं राहून बघा आणि मग सांगा २५ कुठून आणायचे ते! मी ३० धरते, मग तेच १३० दिवस होतात, शेठ म्हणतात सव्वा महिना फुकट जातोय, तरी मी हटत नाही. ओव्हन ६० च्या वर मात्र नेऊ नका, प्लास्टिक वेगळंच वागायला लागतं.

ओव्हनमधून काढल्यावर पील टेस्ट (सील ओढून उघडायला किती जोर लागतो ते मोजणं) आणि डाय टेस्ट. डाय टेस्टमध्ये पाउचच्या आत निळं द्रावण सोडून सीलच्या चारही बाजू त्यात भिजवायच्या आणि २० सेकंदांच्या आत बघायचं, उशीर केला तर कागदच रंग ओढून घेतो न् काही कळत नाही. जुन्या नोकरीत एकदा ५९ पाउचमधल्या एकाच्या कोपऱ्यातून केसाएवढी निळी रेघ सरळ बाहेर आली होती. सिनियर म्हणाले हातानं दुमडला असेल, दुसरा घे. भिंगातून बघितलं तर फिल्मला सीलच्या आतच चुणी होती, रोल थोडा तिरका लागला होता, आणि त्या शिफ्टचा सगळाच माल तसा. ५९ हा आकडा असाच नाही घेतलेला, सगळे पास झाले तरच ९५ टक्के खात्रीनं ९५ टक्के रिलायबिलिटी, म्हणजे निदान ९५ टक्के पाउच चांगले, म्हणता येते, त्यातला एक बदललात की हिशोबच खोटा.

आणि त्याच लॉटचे पाउच साध्या कपाटातही ठेवा, बाजूला तापमानाचा लॉगर, १२ आणि २४ महिन्यांनी काढून ह्याच टेस्ट करा. त्यात फेल झाले तर ओव्हनचा रिपोर्ट कितीही छान असो, छापलेली तारीख अलीकडे आणायची आणि बाजारात गेलेल्या मालाचा शोध त्याच दिवशी सुरू करायचा.